दोन डावे हात

कला माणसाला पाहायला शिकवते. आमच्या शाळेच्या चित्रकला दालनाच्या दारावर हे वाक्य निळ्या तेलरंगात लिहिलेलं आहे. दालन म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात उभं राहता येतं, फक्त फळ्याजवळ नाही, कारण तिथे जिना डोक्याला लागतो. वाक्य मीच लिहिलं, नोकरी लागली त्या वर्षी. कोणा थोर माणसाचं वाटावं म्हणून खाली एक आडवी रेघ ओढली आणि रेघेपुढे काहीच लिहिलं नाही. तीस वर्षांत एकाही पाहुण्याने ते कोणाचं आहे असं विचारलेलं नाही. दोघा-तिघांनी ते भाषणात वापरलं.

चित्रकला शिक्षकाला शाळेत मान असतो, विशेषतः कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. पाहुण्यांचं नाव रंगीत खडूंनी फळ्यावर रेखायचं, रांगोळी काढून घ्यायची, थर्मोकोलची अक्षरं कापायची. मग दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन व्यासपीठासमोर उकिडवं बसायचं, कारण खालून पाहुणे उंच दिसतात. दीपप्रज्वलनाचे माझ्याकडे ढिगाने फोटो आहेत. त्यातल्या बऱ्याच फोटोंत समई आधीच पेटलेली आहे आणि पाहुणे विझलेली काडी हातात धरून माझ्याकडे बघताहेत, कारण पहिल्या वेळी मागच्या कोणाचे तरी डोळे मिटले होते.

एका वर्षी वरून कौशल्यशिक्षणाचं पत्रक आलं आणि मुख्याध्यापिका बाईंनी शनिवारचे शेवटचे दोन तास मला फोटोग्राफीसाठी दिले. माझ्याकडे कॅमेरा आहे, एवढी पात्रता पुरेशी होती. एका माजी विद्यार्थ्याने दोन जुने कॅमेरे भेट दिले. त्यातल्या एकाची लेन्स बाहेर यायची पण आत जायची नाही. शाळेत मोबाईलला बंदी, पण शनिवारपुरता, पालकांच्या चिठ्ठीसह, घरचा फोन आणायला परवानगी मिळाली. पहिला महिना मी कोणालाच काही टिपू दिलं नाही. प्रत्येकाने वहीच्या पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापायची आणि तिच्यातून बघत मैदानात हिंडायचं. आमचे पीटीचे सर त्या महिन्यात मला रोज विचारायचे की मुलं काय हरवलंय म्हणून शोधताहेत.

मग फोन हातात दिले आणि तीन गोष्टींवर बंदी घातली: साधू, सूर्यास्त आणि फूल. नाशिकमध्ये कॅमेरा घेऊन निघालेला माणूस पन्नास पावलांत साधूपाशी पोहोचतो, आणि साधूंनाही आता आपली चांगली बाजू कोणती ते कळलेलं असतं. बंदी ऐकून एकाने विचारलं, मग काढायचं काय? सव्वीस वर्षांत चित्रकलेच्या तासाला हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चित्रकलेत काय काढायचं ते ठरलेलं होतं, आणि ते मीच ठरवलेलं होतं.

ते कसं, हे सांगायला हवं. शाळकरी मुलांसाठी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात. त्यात श्रेणी मिळाली की दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, आणि हे कळल्यापासून आपल्या मुलांना चित्रकलेची उपजत आवड असल्याचं सगळ्या पालकांच्या लक्षात आलं आहे. परीक्षेत स्मरणचित्र नावाचा एक पेपर असतो. बाजार, बसस्थानक, पतंग उडवणारी मुलं असा विषय देतात आणि मनात राहिलेलं दृश्य काढायला सांगतात. मुलांच्या मनात दृश्य राहिलेलं नसतं, नमुना राहिलेला असतो. तो घोकून घेतलेला असतो, पाढ्यांसारखा.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी असा एक नमुना काढला. एका दुपारी बसून, तासाभरात. पुढे टोपल्यांमागे मांडी घालून बसलेली भाजीवाली, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने वांगी पुढे करणारी. एका बाजूला फुगेवाला, मागे तीन छत्र्या, कोपऱ्यात शेपूट वर केलेलं कुत्रं. त्या वर्षी आमच्या शाळेत अ श्रेणी बऱ्याच आल्या. मग नमुन्याची झेरॉक्स शेजारच्या शाळेत गेली, तिथून क्लासमध्ये, क्लासमधून तालुक्यांत. बसस्थानकाचा विषय आला तर छत्र्यांच्या जागी बस काढायची, बाकी माणसं आहेत तिथेच राहायची. एकदा विंचूरला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो तर त्यांच्या भिंतीवर माझा बाजार लावलेला होता, त्यांच्या भाचीने काढलेला. त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

फोटोग्राफीच्या वर्गात त्या वर्षी दहावीची एक मुलगी होती. वडील सातपूरला एका कारखान्यात प्रेस मशीनवर, आई त्याच भागात कंपन्यांची पाळी सुटते त्या वेळेला रस्त्याच्या कडेला भाजी घेऊन बसायची. मुलगी शाळा सुटली की आईमागे बसून अभ्यास करायची. तिच्याकडे वडिलांचा फोन असायचा, काचेला तडा गेलेला. ती फार थोडे फोटो काढायची. इतर मुलं शनिवारी शे-दोनशे फोटो घेऊन यायची, ती चार. चारही बघण्यासारखे असायचे. मी आयुष्यात बरेच फोटो काढले आहेत, त्यामुळे हे मी खात्रीने सांगू शकतो की ते मला जमले नसते.

एका शनिवारी काम करणारे हात हा विषय दिला होता. पुढच्या शनिवारी तिने आईचे चार फोटो आणले: मेथीची जुडी सोडणारे हात, सुट्टे पैसे पदरात बांधणारे हात, आणि तराजू धरलेला हात दोन वेळा. मी ते मोठे करून भिंतीवर दाखवत होतो. शेजारी, फळ्यालगतच्या काचफलकात माझा बाजार लावलेला होता, परीक्षेचे दिवस जवळ आले होते म्हणून. ती आळीपाळीने दोन्हीकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या बाईला दोन डावे हात आहेत."

वर्ग हसला. मागच्या बाकावरची एक जण म्हणाली, "डावखुरी असंल."

"डावखुरीला पण एक उजवा असतो."

मी फलकाजवळ गेलो. जिना डोक्याला लागला. तराजू धरलेला हात पाहिला, वांगी पुढे करणारा पाहिला. दोन्ही अंगठे एकाच बाजूला होते. मी स्वतःचे दोन्ही हात समोर धरून बघितले, आणि माझ्यामागे अख्ख्या वर्गाने आपापले हात समोर धरले. बराच वेळ आम्ही चाळीस जण तसेच उभे होतो. बाहेरून जाणाऱ्या शिपायाला बहुधा प्रार्थना वाटली असावी, तो थांबला.

चूक कशी झाली ते मला लगेच कळलं, आणि ते कुठल्याही चित्रकाराला कळेल. हात काढायचा असला की आपण समोर स्वतःचा हात धरतो आणि तो बघून काढतो. उजव्या हातात पेन्सिल असते, म्हणून धरतो तो डावा. मी बाईचा एक हात बघून काढला आणि दुसराही तोच बघून काढला. चूक एका दुपारची. पण ती त्यानंतर बावीस वर्षं हजारो मुलांनी अंगठ्यासकट, बोटासकट, मन लावून गिरवली. त्यातल्या प्रत्येकाला दोन हात होते. मलाही होते.

मी त्या आठवड्यात उजवा हात उजवा करून नवा नमुना काढला. शहरात मोठा क्लास चालवणारे माझे एक जुने स्नेही आहेत, त्यांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. आता परीक्षेच्या तोंडावर काही बदलू नका, म्हणाले, मुलांचा हात बसलेला आहे. चूक आहे हो, पण ती तपासणाऱ्यांच्याही ओळखीची आहे. वेगळं काही दिसलं की ते थांबतात, आणि थांबले की वाईट दिसतं. माणूस अनुभवी होता. मी नवा नमुना कपाटात ठेवला.

मुलीला पुढे चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं, वडिलांनी सांगितलं. पहिली पाळी सुटल्यावर ते कंपनीच्या निळ्या शर्टातच शाळेत आले. मी त्यांना मुलीबद्दल बरंच काही सांगितलं, तिची नजर, तिची जाण वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, मला त्यातलं काय कळत नाय," ते म्हणाले. "तुम्ही चांगलं म्हणताय, पण शिकवलंय पण तुम्हीच. आमच्याकडं माल बनवतो तो पास करत नाय. तपासणारा वेगळा असतो."

म्हणून त्यांनी ठरवलं होतं की ग्रेड परीक्षेत अ आला तर दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा. नाही आला तर आयटीआय, तिथे कोर्स झाल्यावर कंपनीत लागते. प्रवेशाला अ श्रेणीच हवी असं काही नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

"कॉलेजला नसंल लागत, मला लागते," ते म्हणाले.

मला राग आला नाही. येण्यासारखं त्यात काही नव्हतं. स्वतःच्या पोरीबद्दल तिऱ्हाईत माणसाचं मत मागणारा पालक मला त्याआधी भेटला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. बाजाराचा विषय आला तर काढायचा विचार आहे म्हणून तिने एक कच्चं चित्र केलं होतं. पाळी सुटल्यावरचा सातपूरचा रस्ता. पण समोरून नव्हे, ती रोज जिथे बसते तिथून, आईच्या मागून. पुढे आईची पाठ, पदर खोचलेला, एक हात बाजूला टोपलीत गेलेला. तिच्यापलीकडे नुसते पाय: बूट, चपला, मोटारसायकलची चाकं, गुडघ्यापाशी लोंबणाऱ्या डब्याच्या पिशव्या. गिऱ्हाइकांचे चेहरे नाहीतच, कारण तिथे बसलं की ते दिसत नाहीत. कागदाच्या वरच्या कडेला त्यांची माणसं कापली गेली होती. फुगेवाला नव्हता. कुत्रं होतं, पण झोपलेलं.

शाळेत काढलेलं इतकं खरं चित्र मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलेलं नाही.

"सर, हे काढू का तुमचा बाजार काढू?" तिने विचारलं. "अ यायला पायजे."

दोन्ही गोष्टी तिने एका दमात सांगितल्या होत्या. काय हवं आहे आणि कशासाठी हवं आहे, यात काहीच मोघम नव्हतं. माझ्या स्नेह्यांचा फोन माझ्या लक्षात होता, वडिलांची अट लक्षात होती, आणि तपासणीच्या टेबलांपाशी मी स्वतः अनेक वर्षं उभा राहिलेलो होतो. त्यांतल्या कशाचाही उपयोग मी केला नाही.

"तुला जे दिसतं तेच काढ," मी म्हणालो.

वाक्य बोलल्यावर मला फार बरं वाटलं. ते दारावर लिहिण्यासारखं होतं. तिला काय वाटलं ते मी विचारलं नाही. तिने मान डोलावली, कागदाची गुंडाळी केली आणि रबर लावून दप्तरात ठेवली.

स्मरणचित्राच्या पेपरला बाजारच आला. आमच्या शाळेतल्या सात जणांनी माझा बाजार काढला, तिने तिचा काढला. सोमवारी मी विचारलं तेव्हा म्हणाली, वेळेत झालं, फक्त डब्यांच्या पिशव्यांना रंग पूर्ण देता आला नाही.

पुढे काही आठवड्यांनी मला तपासणीला बोलावलं. आपल्या जिल्ह्याचे कागद आपल्याला देत नाहीत, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत दोन दिवस जायचं होतं. मोठा हॉल, लांब टेबलं, कागदांचे गठ्ठे. कागदावर नाव नसतं, मागे फक्त बैठक क्रमांक. चार-पाच शिक्षक टेबलाभोवती उभे राहतात आणि कागद उचलून तीन ढिगांत टाकतात. अ, ब, क. पहिला तासभर आपण चित्रं बघतो. नंतर आपला हातच बघतो आणि हातच ठरवतो. चहा येईपर्यंत इतके गठ्ठे संपवायचे असतात, आणि चहा वेळेवर येतो.

त्या टेबलावर माझी भाजीवाली कितीदा तरी आली. जिल्हा दुसरा, मुलं अनोळखी, पण बाई तीच, तराजू तोच, दोन्ही अंगठे एका बाजूला. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ओशाळलो. दहाव्यांदा मी नुसताच तिला तिच्या ढिगात टाकत होतो. रंग नीट भरलेले, कागद स्वच्छ, माणसं पुरेशी. अ.

मधेच एक कागद आला. आठवडी बाजारातून सुटणाऱ्या एसटीचा मागचा भाग, धूळ, आणि शिडीवरून टपावर सायकल चढवणारा माणूस. माणसाचं डोकं नव्हतं, ते सायकलच्या चाकामागे गेलं होतं. कागदावर जिथे धूळ होती तिथे काहीच काढलेलं नव्हतं, नुसता पिवळट रंगाचा हात फिरवलेला. मी थांबलो. समोरच्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. रचना अपूर्ण, मानवाकृती अपूर्ण, रंगकाम अपूर्ण. मी कागद क-च्या ढिगात टाकला आणि पुढचा घेतला.

चहाचा कप हातात होता तेव्हा मला कळलं की आपण काय केलं. तो माणूस डोक्याशिवाय होता, कारण तिथे उभं राहिलेल्या पोराला त्याचं डोकं दिसत नव्हतं. मी कप ठेवून आत गेलो. गठ्ठा बांधून झाला होता आणि दोरीच्या गाठीवर लाख चढली होती. लाख अजून गरम होती. मी टेबलावरच्या प्रमुखांना म्हणालो की एक कागद पुन्हा बघायचा आहे. ते सभ्य गृहस्थ होते. कोणाचा आहे, असं त्यांनी विचारलं. ओळखीच्या मुलाचा असता तर त्यांनी नियमाप्रमाणे नकार दिला असता, आणि अनोळखी मुलाचा पुन्हा कशाला बघायचा हे त्यांना समजत नव्हतं. मी परत टेबलाशी जाऊन उभा राहिलो. नाशिकचे गठ्ठे त्या वेळी कुठल्या हॉलमध्ये होते मला ठाऊक नाही. तिथेही चहा वेळेवर येत असणार.

निकाल लागला. माझा बाजार काढणाऱ्या सातही जणांना अ आला. तिला ब. चार पेपरांत मिळून ब, त्यामुळे नेमका कुठला कागद आडवा आला हे सांगता येत नाही. मी ही गोष्ट स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. सात अ आले म्हणून शाळेने माझा सत्कार ठेवला. फोटो काढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी कॅमेरा तिवईवर लावला, दहा सेकंदांचं बटण दाबलं आणि पळत जाऊन शालीखाली उभा राहिलो.

वडील पुन्हा आले, या वेळी मुलीला घेऊन. मी त्यांना आधीच म्हणालो की ब म्हणजे काही नापास नव्हे.

"मी कुठं नापास म्हणालो," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी खोलीतल्या चित्रांकडे बघितलं. मग विचारलं, "सर, खरं सांगा. चित्र चांगलं होतं?"

मी सांगितलं की फार चांगलं होतं.

"मग तपासणाऱ्याला कळलं नसंल का?"

खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. या प्रकरणात खरं बोलायला मी जरा उशिराच सुरुवात केली होती, पण केली.

"तपासणारे माझ्यासारखेच असतात," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा मोकळा झाला. इतके दिवस त्यांना बहुधा हीच शंका खात होती की पोरीवर कुठे अन्याय तर झाला नाही. ते मुलीकडे वळले.

"ऐकलंस ना? सरांसारख्याच माणसानं तपासलंय. मग बरोबरच असंल."

मी तोंड उघडलं होतं. त्या टेबलाबद्दल, त्या सायकलवाल्या माणसाबद्दल सगळं सांगायला हवं होतं. पण ते ऐकून त्यांनी काय करायचं होतं? मुलगी माझ्याकडे बघत होती. मी काय म्हणालो ते तिला बरोबर समजलं होतं. वर्गात बसून तिने दुसरं काही केलंच नव्हतं, नीट बघण्याखेरीज. वडिलांनी दोन्ही हात जोडून माझे आभार मानले आणि दोघं निघून गेली. दहावीनंतर तिचा आयटीआयचा फॉर्म भरला गेला.

फोटोग्राफीचे तास पुढच्या वर्षी गेले. शनिवारी त्या वेळात आता ग्रेड परीक्षेची जादा तयारी घेतली जाते, पालकांच्या आग्रहावरून. मीच घेतो. नवा नमुना मी कपाटातून काढला आणि दोन वर्षं शिकवून पाहिला. मुलं तो घरी नेतात आणि परीक्षेत जुना काढतात, कारण क्लासमध्ये जुना शिकवतात. अ श्रेणी येत राहतात. एखादं मूल स्वतःचं काही काढून आणतं तेव्हा हल्ली मी चांगलं आहे म्हणतो आणि वहीत ठेवायला सांगतो. तुला जे दिसतं ते काढ, हे मी त्यानंतर कोणालाही सांगितलेलं नाही. सांगण्याचा मला अधिकार नाही असं मी मानत असे. आता तसंही काही मानत नाही. सांगत नाही, एवढंच.

गेल्या हिवाळ्यात सातपूरला काम होतं, येताना मेथी घ्यायला थांबलो. आईने मला ओळखलं नाही, मुलीने ओळखलं. ती कामावरून सुटून तिथे आली होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. जवळच एका वर्कशॉपमध्ये तपासणी विभागात आहे म्हणाली. बरं चाललंय. वडिलांची पाळी दुसरी आहे. मग मी विचारू नये ते विचारलं, की फोटो काढतेस का.

"रोज काढते, सर," ती म्हणाली.

मला क्षणभर काहीतरी वाटलं. मग तिने समजावून सांगितलं. मशीनवरून आलेला जो माल नापास होतो, त्यातल्या प्रत्येक तुकड्याचा फोटो काढून साहेबांच्या ग्रुपवर टाकावा लागतो. दोष कुठे आहे तिथे खडूने गोल करायचा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवायची, सावली पडू द्यायची नाही. ती काम चांगलं करत असणार. मी विचारलं, ते सगळे फोटो ठेवतेस का कुठे?

नाही म्हणाली. फोन कंपनीचा आहे, महिनाअखेरीस तो भरतो, मग पुसून टाकतात.